रात्री दहा ते सकाळी सव्वासात

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०१८, रविवार. दिल्लीच्या उत्तर टोकाला बुराडी, तिथली संत नगर वस्ती. सकाळी एका घरात एकाच कुटुंबातले अकरा जण मृतावस्थेत सापडले.

आदल्या रात्रीची काही मिनिटं गल्लीतल्या सीसीटीव्हीत टिपलेली होती. घड्याळाचे आकडे तिथून आले. दाराच्या आतलं जे कळलं ते घरात सापडलेल्या अकरा वह्यांतून, आणि पोलिसांनी पुढे जे सांगितलं त्यातून.

मृतांची नावं तेव्हा देशभर छापून आली. इथे नात्यांवर भागवू. आजी, ऐंशीच्या घरातली. तिची विधवा मुलगी ५७ वर्षांची, आणि या मुलीची मुलगी ३३ वर्षांची. थोरला मुलगा ५०, त्याची बायको ४८, त्यांच्या दोन मुली २५ आणि २३, मुलगा १५. धाकटा मुलगा ४५, त्याची बायको ४२, त्यांचा एकुलता एक मुलगा १५. सात बायका, चार पुरुष. चार पुरुषांपैकी दोघांना पुरुष म्हणायचं ते फक्त मोजणीपुरतं. चुलतभाऊ, एकाच वयाचे, शाळेत जाणारे.

तेरा-चौदा वर्षं आधी

२००४. धाकट्याचा प्लायवूडचा धंदा. पैशांच्या वादातून त्याला आत कोंडण्यात आलं आणि प्लायवूडला आग लावण्यात आली. तो वाचला, पण त्याची वाचा गेली. त्याआधी, १९८८ मध्ये, मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला होता.

शरीर बरं झालं. जिवंत जाळायला निघालेल्या माणसांच्या हातून सुटून आलेल्या मनाचं काय झालं असेल, हा प्रश्न २०१८ नंतर अनेक मानसोपचारतज्ज्ञांनी विचारला. वेळेवर विचारला असता तर तो एका माणसाच्या उपचारांचा प्रश्न होता. चौदा वर्षांनी तो अकरा माणसांचा झाला.

अकरा वर्षं आधी

२००७. आजोबा वारले. घरातलं सगळं त्यांच्या शब्दावर चाललेलं. ते गेल्यावर धाकट्याचा आवाज परत आला, आणि मग त्या आवाजात आजोबा बोलू लागले, असं घराने मानलं.

आपल्याकडे अंगात येतं ते चारचौघांत. देवळात, जत्रेत, गोंधळात. बघणारे असतात, त्यातले निम्मे हात जोडतात, उरलेले गालातल्या गालात हसतात. पुजारी असतो, कधीकधी फौजदारही असतो. बुराडीच्या या घरात जे आलं ते दाराच्या आत आलं आणि आतच राहिलं. कोटा इथे राहणारा सर्वांत मोठा भाऊ आणि पानिपतला दिलेली बहीण या दोघांनी नंतर ठामपणे सांगितलं, की आमच्या घरात असलं काही नव्हतं. ते खोटं बोलत होते असं मानायला कारण नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वह्या याच वर्षी सुरू झाल्या. सांगणारा एक, लिहिणारे हात मात्र वेगळे, असं हस्ताक्षरांच्या तपासणीतून दिसलं. त्यांत मंत्रतंत्र फार नाहीत. वाचणाऱ्याला धक्का बसतो तो त्यातल्या साधेपणाचा. कुणी काय चूक केली, कुणी उलट बोललं, मुलांनी फोन किती हाताळायचा, पूजा कशी करायची, पैशांचं काय करायचं. एखाद्या कडक पण मायाळू सासऱ्याने रोज सकाळी सुनांना आणि नातवंडांना द्याव्यात तशा सूचना.

आणि सूचना पाळल्या की फळ मिळत गेलं. दुकानं वाढली: तळमजल्यावर थोरल्याचं किराण्याचं, धाकट्याचं प्लायवूडचं. मुली शिकल्या. तेहतीस वर्षांची नात नोएडात नोकरीला लागली. घर वर चढत गेलं आणि प्रत्येक पायरीचं श्रेय वहीच्या नावावर जमा होत गेलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतं ते हेच. वहीने एखादं वर्ष घाटा दिला असता, तर घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने तरी कुरकुर केली असती. अकरा वर्षांत तशी वेळ आली नाही.

वह्या सुरू झाल्या तेव्हा दोन्ही चुलतभाऊ चार वर्षांचे होते. आजोबा त्यांना जे काही आठवत असतील, ते बहुतेक त्या एकाच्या बापाच्या आणि दुसऱ्याच्या काकाच्या तोंडूनच. वहीशिवायचं घर त्यांनी पाहिलंच नाही.

शेजाऱ्यांना काय दिसत होतं? आदर्श कुटुंब. शाकाहारी, देवभक्त, भांडणतंटा नाही. विधवा लेक गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. दुकानाबाहेर एका फळ्यावर रोज सुविचार लिहिला जायचा. मुलं मोठ्यांचं ऐकायची. पंधरा वर्षांची दोन मुलं सांगितलेलं काम निमूट करतात, याला कुठल्याही गल्लीत संस्कार म्हणतात. धोक्याची खूण म्हणून त्याकडे बघायचं कुणाला सुचणार होतं?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हा त्यात गुन्हा आहे. दिल्लीत तसा कायदा नव्हता. पण असता तरी, तक्रार कोण देणार होतं? भीती घातली गेली असं या घरातल्या कुणाला वाटतच नव्हतं. उलट, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे याचा आधार वाटत होता.

चौदा दिवस आधी

१७ जून, रविवार. नोएडात नोकरी करणाऱ्या नातीचा साखरपुडा. पत्रिकेतल्या मंगळामुळे लग्न अडलं होतं. ते ठरलं, हेही आजोबांचंच देणं असं घराने मानल्याचं तपासात पुढे आलं. लग्न वर्षअखेरीस व्हायचं होतं. साखरपुड्याच्या चित्रफिती नंतर सगळ्या वाहिन्यांनी दाखवल्या. घरचे सगळे नाचताहेत. कुणाच्या चेहऱ्यावर काही शोधू म्हटलं तर सापडत नाही.

पाहुणे आठवडाभरात परतले.

सात दिवस आधी

२४ जून. वहीत सात दिवसांचा विधी सांगितला होता: वडाची पूजा. मागितलं ते मिळालं, आता आभार मानायचे.

त्याच आठवड्यात, २७ जूनला, महाराष्ट्रात वटपौर्णिमा होती. बायका नेहमीसारख्या वडाला सूत गुंडाळून घरी आल्या. बुराडीतल्या घरात वड नव्हता. वहीने सांगितलं होतं, की वडाच्या जागी तुम्हीच उभे राहा.

पोलिसांच्या म्हणण्यानुसार पहिले सहा दिवस सराव झाला. रोज सगळे सुखरूप उठले, सकाळी दुकान उघडलं, मुली कामाला गेल्या. सहा दिवसांत भीती मोडली असणार. एवढ्या दिवसांत अकरांपैकी कुणी बाहेर एक अवाक्षर बोलल्याचं पुढे आलं नाही. नोएडातल्या कचेरीत नाही, होणाऱ्या नवऱ्याकडे नाही, शाळेतल्या मित्रांकडे नाही.

३० जून, शनिवार, दिवसभर

दुकान चालू. गिऱ्हाईक नेहमीचं.

स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसासाठी छोले भिजत घातलेले होते, असं पुढे छापून आलं. रविवारचा बेत. उद्या सकाळ होणार आणि घरात अकरा माणसं जेवायला असणार, हे गृहीत धरूनच कुणीतरी ते मोजून पाण्यात टाकले असणार. हा तपशील नंतर अनेकांनी करुण म्हणून सांगितला. पण तो त्याहून महत्त्वाचा आहे. तो पुरावा आहे. या घरात मरायला कुणीही निघालं नव्हतं.

रात्री १०.००

थोरली सून स्टुलं घेऊन घरात जाताना कॅमेऱ्यात दिसते.

घरात अकरा माणसं, शनिवारची रात्र. कुणाचं तरी काही कार्य असेल. गल्लीतून बघणाऱ्याला यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मुळात बघणारं कुणी नव्हतंच. कॅमेरा टिपत होता, ते चित्रण उघडलं गेलं दुसऱ्या दिवशी.

रात्री १०.१५

दोघे चुलतभाऊ तळमजल्यावरच्या प्लायवूडच्या दुकानातून तारा घेऊन वर जातात.

पुढच्या तीन तासांतलं सगळं बाजूला ठेवलं, तरी एवढी एकच नोंद पुरे आहे. दुकान घरचं. सामान घरचं. मोठ्यांनी सांगितलं, खालून आण, मुलांनी आणलं. अशी कामं ही दोघं दिवसातून दहादा करत असणार. सामान कशासाठी लागणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. सहा दिवस झाले होते. त्याचा शेवट काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, असं पुढे तज्ज्ञांनी म्हटलं.

दुकानापासून जिन्यापर्यंत काही पावलं. एका बाजूला मोकळी गल्ली. तिथून कुणाच्याही दारात जाऊन आज आमच्याकडे असं असं आहे म्हणून सांगता आलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या घरातली पूजा शेजाऱ्यांना जाऊन सांगावी, आणि तीही बाप किंवा काका सांगत असताना, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करणार? आपल्या घरात आपण काय शिकवतो? घरातलं बाहेर बोलायचं नाही.

रात्री १०.४०

हॉटेलातला पोऱ्या वीस रोट्या पोचवून जातो.

अकरा जणांना वीस रोट्या. सोबत भाजी मागवलेली नव्हती. वहीत या रोट्यांचाही उल्लेख होता: आईने सगळ्यांना रोटी भरवायची. हे सांगायला त्या पोऱ्याकडे वही नव्हती. त्याच्या लेखी ते त्या रात्रीचं एक गिऱ्हाईक. दारात काही वेगळं वाटलं नाही, असंच त्याच्याकडून कळलं. घरात शेवटचं पाऊल टाकलेला बाहेरचा माणूस, आणि त्याने बघितलं ते पैसे आणि उघडं दार.

रात्री १०.५७

थोरला भाऊ कुत्र्याला फिरवायला बाहेर पडतो.

हा माणूस घरात वयाने मोठा. पन्नाशीचा, दुकानदार, गल्लीतल्या प्रत्येकाशी उधार-उसनवारीचा संबंध असलेला. आत त्याची बायको, दोन मुली, मुलगा, आई. धाकट्या भावाच्या शब्दापुढे अकरा वर्षं मान तुकवून राहिलेला, कारण तो शब्द भावाचा नव्हता, बापाचा होता. आता हातात पट्टा आणि समोर रिकामी गल्ली. विचार करायला याहून निवांत वेळ त्या रात्री त्याला मिळणार नव्हता.

रात्री ११.०४

थोरला भाऊ कुत्र्यासह परत येतो. सात मिनिटं.

कुत्र्याला गच्चीवर बांधण्यात आलं. दाराला आतून कडी घातली गेली नाही. ती का घातली नाही, यावर नंतर बरेच तर्क झाले. खुनाचा संशय घेणाऱ्यांनी हेच दार पुढे केलं. पण ज्या घराला सकाळी उठून दुकान उघडायचं आहे त्याला त्या रात्री कडीची आठवण झाली नसेल, हेही शक्य आहे.

यानंतर सकाळपर्यंत घरातून बाहेर पडणारं किंवा घरात शिरणारं कुणी कॅमेऱ्यात नाही.

रात्री ११.०४ ते सुमारे १.००

या वेळेचं चित्रण नाही. आहे ती शेवटच्या वहीतली शेवटची पानं.

त्यांत वेळ लिहिली होती: मध्यरात्रीनंतर. कोण कुठे असेल ते लिहिलं होतं. आजीला वयामुळे आणि शरीरामुळे उभं राहता येणार नाही, म्हणून तिने दुसऱ्या खोलीत राहायचं. पुढचा तपशील तेव्हा वाहिन्यांनी आठवडाभर चघळला, त्याची इथे गरज नाही.

गरज आहे ती दोन सूचनांची. पहिली: एका कपात पाणी भरून ठेवायचं. त्याचा रंग बदलेल, तेव्हा मी येईन आणि तुम्हाला वाचवीन. जमीन हादरेल, आकाश थरथरेल, घाबरायचं नाही. दुसरी: विधी झाल्यावर एकमेकांना सोडवायला मदत करायची.

एकमेकांना सोडवायचं. म्हणजे सोडवायला कुणीतरी मोकळं असणार होतं, आणि सुटल्यावर सगळे सकाळचा चहा घेणार होते.

हे वाचून दोन्ही मुलांनी काय मानलं असेल? आजोबा येणार आहेत. आजपर्यंत आजोबांनी सांगितलेलं सगळं झालं आहे. दुकान झालं, आतेबहिणीचं लग्न ठरलं. मग हे का होणार नाही? पंधराव्या वर्षी माणूस शाळेत विज्ञान शिकतो आणि घरी येऊन घरचं मानतो. दोन्ही एका डोक्यात सुखाने नांदतात, आपलंही असंच होतं. शिवाय समोर आई आहे, बाप आहे, आजी आहे, एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या वयाच्या बहिणी आहेत. इतके मोठे चुकतील कसे?

एकाने नाही म्हटलं असतं तर? हा प्रश्न मी टाळत होतो, पण तो टळत नाही. पंचवीस वर्षांची, तेवीस वर्षांची, तेहतीस वर्षांची, तिघी शिकलेल्या. नव्याने संसार मांडायला निघालेली एक. दोन्ही मुलांच्या आया तिथेच. आईने नुसतं म्हणायचं होतं, पोरांना राहू दे, ती लहान आहेत. सहा दिवसांत किंवा त्या दोन तासांत कुणी तसं म्हणालं की नाही, त्याची नोंद वहीत असणं शक्य नव्हतं. वही एकाच बाजूने लिहिली जात होती.

रात्री १.०० च्या सुमारास

वहीत लिहिलेली वेळ. अकराच्या अकरा जण गेले.

पहाटे

गल्ली झोपलेली.

सकाळी ५.५६

दुधाची गाडी येते. क्रेट दुकानापुढे उतरवले जातात. एरवी या सुमाराला शटर वर असतं. गाडीवाल्याला अजून बरीच घरं करायची असतात. तो क्रेट ठेवून पुढे निघतो.

सकाळी ६.०० ते ७.१४

पिशवी आणायला येणारी माणसं बंद शटरकडे बघून परत फिरतात. रविवार आहे, उशीर झाला असेल. दूध बाहेरच पडून आहे. अकरा जणांच्या घरात एकालाही जाग आली नाही, हे विचित्र आहे. पण विचित्र वाटणं आणि जिना चढून वर जाणं यांत बराच वेळ जातो, कारण दुसऱ्याच्या घरात असं शिरायचं कसं, हा संकोच सगळ्यांनाच असतो. या वेळी त्याने काही बिघडलं नाही. जे व्हायचं ते सहा तासांपूर्वी होऊन गेलं होतं.

सकाळी ७.१४

शेजारचे एक वयस्क गृहस्थ दाराशी येतात. दार नुसतं ढकललेलं. ते आत जातात, वर जातात, आणि खाली येतात.

साडेसातच्या सुमारास पोलिसांना फोन जातो.

दुपार, आणि पुढचे दिवस

आधी खुनाचा तर्क. मग बाहेरच्या कुणा बाबाचा शोध. मग वह्या हाती लागल्या आणि तर्काचं तोंड आत वळलं.

त्यानंतर भिंतीतले पाइप. घराच्या बाजूच्या भिंतीतून अकरा पाइप बाहेर आलेले होते, त्यांतले सात वाकडे, चार सरळ. सात बायका, चार पुरुष. वाहिन्यांना एवढं पुरलं. दिवसेंदिवस ते पाइप दाखवले गेले. हवा खेळती राहावी म्हणून ते बसवले होते, हे घर बांधणाऱ्याने सांगून झालं तरी कॅमेरे हलले नाहीत. भिंतीतले पाइप मोजायला आपण इतके उत्सुक होतो, आणि २००४ मध्ये एका माणसाला जिवंत जाळण्याचा प्रयत्न झाल्यावर त्याच्या डोक्यात काय राहिलं, हे विचारायला तितके नव्हतो. पाइपांत भूत सापडतं. दुसऱ्या प्रश्नात आपल्या ओळखीचं घर सापडतं, म्हणून तो नको असतो.

२ जुलैला निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले. गच्चीवर सापडलेल्या कुत्र्याला ताप होता. प्राण्यांची काळजी घेणाऱ्यांनी त्याला नोएडाला नेलं. २२ जुलैला तो मेला.

सप्टेंबर २०१८

केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा मानसशास्त्रीय शवविच्छेदनाचा अहवाल आला. या पद्धतीत मृत माणसाच्या मनाची तपासणी त्याच्या मागे राहिलेल्या गोष्टींवरून होते: वह्या, नातेवाईक, शेजारी, मित्र. निष्कर्ष असा, की ही आत्महत्या नव्हती. विधी करताना झालेला अपघात होता. अकरांपैकी कुणालाही मरायचं नव्हतं.

अहवालातल्या त्या एका शब्दाने, 'अपघात', कोटा आणि पानिपतच्या भावंडांचं समाधान झालं नाही. आपली माणसं अशी नव्हती, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं.

डिसेंबर २०१९

दीड वर्ष रिकामं पडलेलं, भुताचं म्हणून ओळखलं जाणारं घर भाड्याने गेलं. नव्या भाडेकरूने तळमजल्यावर पॅथॉलॉजी लॅब थाटली आणि वर संसार मांडला. भुताखेतांवर आपला विश्वास नाही, जागा रस्त्याला लागून आहे आणि भाडं परवडतं, असं त्याने पत्रकारांना सांगितलं.

२०२१

दिल्ली पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. घातपाताचा कोणताही पुरावा मिळाला नाही. आरोपी कुणी नाही.